तिच्या केसांतला काळोख

ताम्हनात ती इतकी लखलखत होती की मंदाकिनीला आधी ओळखच पटली नाही. सराफाकडचं दरवर्षीचं लक्ष्मीचं नाणं असेल म्हणून नजर पुढे निघालीही होती, फुलवातींवरून बत्ताशांवर... आणि मग परत आली. नाक. ते किंचित झिजून बसकं झालेलं नाक जगात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"ओळखलंस का?" नवरा, श्यामराव, मागे उभा होता, हातात जुना टूथब्रश. "तुझी ती ग्रीक बाई. वरच्या खणात सापडली. काय काळवंडली होती गं! टूथपेस्ट लावून चांगली घासली. लक्ष्मीपूजनाला घरातली चांदी मळकी ठेवतात का कुणी?"

मळकी! तिने नाणं चिमटीत धरून खिडकीशी नेलं. ग्रीसमधल्या लारिसा गावची जलदेवता. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणा कारागिराने अंगठ्याच्या नखाएवढ्या चांदीवर तिचा चेहरा कोरला, आणि तोही बाजूने नव्हे — बाजूने काय, पुष्कळांना जमतो — तर पाऊण वळलेला, कुणीतरी हाक मारली म्हणून वळता वळता थांबल्यासारखा. आयुष्यभर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली मी, पण हा पाऊण चेहरा फळ्यावर मला कधी धड जमला नाही. पोरी फिदीफिदी हसायच्या, हसू देत. आणि ते केस — मोकळे, नुकतीच नदीतून वर आल्यासारखे — त्यांच्या बटांमध्ये, पापणीखाली, ओठांच्या कोपऱ्यात इतक्या शतकांचा काळोख साचला होता, आणि तो काळोख होता म्हणून तर चेहरा दिसत होता... छाया पुसलीत तर कागदच उरेल गं बायांनो, असं पहिल्याच तासाला सांगायचे मी.

आता गाल, केस, कपाळ, सगळं एकच पांढरं. ब्रशचे बारीक ओरखडे थेट मानेपर्यंत. मागच्या बाजूचा घोडा, लोळण घ्यायला वाकलेला, तोही... जाऊ दे. तिला रडू फुटत होतं. रडू कसलं, ओरडावंसं वाटत होतं — अहो, मारलीत हो तिला!

नाण्यांच्या प्रदर्शनातून ही आणली त्या दिवशी श्यामराव म्हणाले होते, "चिल्लर आणलीस? रिक्षावाला घेईल का विचार." पुढे ती भिंग घेऊन बसली की जाता जाता "चालू द्या" एवढंच. जेवणात मीठ कमी पडलं तरी यापेक्षा जास्त बोलायचा हा माणूस. तरी तिला वाटायचं, कधीतरी हे शेजारी येऊन बसतील, विचारतील, काय बघतेस गं एवढं? उत्तर तिने मनात तयार ठेवलं होतं. दर वर्षी त्यातले शब्द बदलायचे, सोपे व्हायचे, यांना कळावेत म्हणून. वेडीच मी.

"बोल की. नाही आवडली?"

आवाजात काहीतरी नवीन होतं. घाबरल्यासारखं. त्यांची बोटं पाण्याने सुरकुतली होती, नखांत पांढरी पेस्ट अडकली होती, संधिवाताचा अंगठा सुजला होता.

"छान झालीय," ती म्हणाली.

श्यामराव खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "खरं सांगू? घासता घासता आज पहिल्यांदा नीट पाहिली मी ती. डोळे काय काढलेत गं त्या माणसाने! मला मेल्याला कळलंच नाही इतकी वर्षं, नुसती थट्टा करत बसलो." मग हात पुढे केला. "पेटीतली बाकीची नाणी दे. हात लागलाच आहे तर सगळी चकाचक करून टाकतो."

पेटीची किल्ली तिच्या मंगळसूत्रालाच होती. तिने ती मुठीत धरली. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगितलं की समोरचा हा आनंद, जो तिच्या कुठल्याही वस्तूकडे बघून या चेहऱ्यावर कधी आलाच नव्हता, तो जाणार. मग हे पुन्हा कधी कशाला हात लावणार नाहीत. आणि हो म्हणायचं तर... बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. श्यामराव हात पसरून हसत बसले होते, शहाण्या मुलासारखे. इतकी वर्षं एकटं वाटायचं ते हे येत नाहीत म्हणून, कधीतरी येतील म्हणून. आता ते आले होते, आणि मंदाकिनीला कळलं की आता वाट बघायलासुद्धा कुणी उरलेलं नाही.