भर उन्हातला हीटर

या, सरका जवळ. लांब बसाल तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल. आज नणंद-भावजयीची सांगते. मनात एकदा किल्मिष शिरलं, की समोर उपकार चाललेला असला तरी माणसाला त्यात कावाच दिसतो.

दोघी गाडीतून इस्पितळात निघाल्या होत्या. आईचं दुपारी हृदयाचं ऑपरेशन. "आत नेण्याआधी एकदा लेकीचं तोंड दाखवा," एवढंच तिचं मागणं. लेकीला आणायला सून गेली, आणि तीच गाडी चालवत होती. शेजारी लेक, म्हणजे नणंद, ओठ घट्ट मिटून. हिनेच आईला आपल्यापासून तोडलं, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं.

चढावर भावजयीने एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"वहिनी, भाजून काढायचंय का मला?"

"इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे चाललाय, वन्सं. हीटर लावला की इंजिनातली उष्णता इकडे येते. सोसा थोडं."

नणंद काट्याकडे बघेचना, वहिनीचं तोंड निरखत राहिली. गाडी तर धावतेय की! तेवढ्यात चढ संपला आणि वहिनीने गाडी कडेला घेऊन बंदच केली. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. ती ओसरल्यावर वहिनीने बॉनेट उघडलं आणि सावलीत जाऊन बसली.

"आता?"

"आता थांबायचं."

"तुला हेच हवं होतं! मी पोचू नये, आईजवळ एकटी तूच असावीस."

नणंदेने डिकी उघडली, तर आत पाण्याचे दोन कॅन.

"अगंबाई! गाडी बंद पडणार हे आधीच ठाऊक होतं तर!"

"ते नेहमीच असतात, वन्सं."

"मग ओत की!"

"इंजिन थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही."

"तुझी कारणं मला नको सांगूस!" नणंदेने हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. वहिनी धावत आली आणि तिने असा काही धक्का दिला, की नणंद धुळीत बसली. ओरडायला तोंड उघडलं, तोच झाकण उडालं आणि उकळत्या पाण्याचा फवारा वहिनीच्या मनगटावर आला.

एक कॅन त्या मनगटावर गेला. नणंदच ओतत होती. इंजिन निवाल्यावर दुसरा गाडीत ओतला.

"कुणी शिकवलं गं तुला हे?"

"तुमच्या आईंनीच. तुम्हालाही शिकवणार होत्या. पण तुम्ही म्हणालात, गाडी बिघडली तर बघायला ड्रायव्हर असतो."

काट्यावर डोळा ठेवून दोघी पोचल्या, तेव्हा आईचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या दाराशी होतं. तिची नजर आधी सुनेच्या मनगटावर गेली.

"झाकण कुणी उघडलं?"

"मी, आई," लेक म्हणाली.

"वाटलंच मला." आई हसली, लेकीचा हात तिने छातीशी धरला. तो आत नेईपर्यंत सोडला नाही.

बायांनो, प्रवासाला निघालात की देवाचं नाव घ्या, पाण्याचा कॅन घ्या, आणि काटा लालकडे झुकला तर त्या भावजयीची आठवण ठेवा.