साडेआठची नोंद

राधानगरीच्या खालच्या अंगाला नवा पूल व्हायचा होता. शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात नव्यानं आलेल्या अवनीनं त्यासाठी चोवीस तासांचा सर्वांत मोठा पाऊस काढला, चारशे दहा मिलिमीटर. साहेब खूश! वीस वर्षांपूर्वी त्याच नदीवरच्या माझ्या पुलाला मी अडीचशे धरला होता, तेव्हा कुणी चहासुद्धा पाजला नव्हता.

मी चडफडत पावसाच्या नोंदींची जुनी वही काढली. पोरीनं दोन दिवसांची बेरीज केली होती! भर बैठकीत मी ओरडलो, "साहेब, हिला तास मोजता येत न्हाईत की!"

अवनी शांतपणे म्हणाली, "सर, नोंद रोज सकाळी साडेआठला होते. हा पाऊस एका दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दुपारी थांबला. वहीत त्याचे दोन तुकडे पडले. त्या काळी नोंद घेणाऱ्या गणपतरावांना मी त्यांच्या गावी जाऊन विचारलं."

माझे अडीचशे म्हणजे त्याच पावसाचा एक तुकडा होता. मी वही मिटून खाली बसलो.

बैठकीनंतर तिनं माझ्यापुढं पत्र ठेवलं. जुना पूल पुन्हा तपासावा, असा मजकूर आणि खाली माझं नाव. "चूक तुम्हीच शोधली असं दिसू दे, सर."

चूक कबूल करायचा तेवढा मोठेपणा तरी बाईनं माझ्यासाठी ठेवायचा की!