नावाडीण एका ओळीत गेली

मित्रांनो, मी एका जादूच्या गोष्टीचा पाचवा आणि शेवटचा खंड आहे. माझे कोपरे दुमडले आहेत आणि पाठीवर केसांच्या तेलाचा डाग आहे. माझ्या आधीच्या चार भावंडांवर वाचकांनी जीव ओवाळून टाकला. माझी मात्र नुसती वाट पाहिली. माझे सगळे कौतुक त्या वाट पाहण्यातच संपले.

माझा जन्म घाईत झाला. चौथा खंड निघून बरीच वर्षे लोटली होती आणि वाचकांनी लेखिकेमागे तगादा लावला होता. छापखान्यात माझी पाने नीट सुकलीही नव्हती, तोच मला खोक्यात भरले.

पुस्तकांच्या दुकानातून मला एका मुलीने उचलले. ती एका जागी कधी टिकत नसे, म्हणून तिची मावशी तिला खारूताई म्हणत असे. खारूताईचे आईवडील कामासाठी दूरदेशी होते, त्यामुळे ती लहानपणापासून मावशीकडेच वाढली. मावशीचे बायकांचे केस कापायचे दुकान होते. दोन खुर्च्या, एक लांबट आरसा आणि खिडकीपाशी एक बाक. दुपारी गर्दी ओसरली की खारूताई बाकावर मांडी ठोकून मोठ्याने वाचत असे आणि मावशीची कात्री त्या तालावर चाले. डोक्याला रंग लावून बसलेल्या बायकाही कान देऊन ऐकत. एक निवृत्त शिक्षिकाबाई तर केस कापून झाले तरी प्रकरण संपेपर्यंत खुर्ची सोडत नसत.

सगळ्यांची लाडकी होती आमच्या गोष्टीतली नावाडीण. राजकन्येला ती काळ्या नदीपार नेई, वाटेत तिच्यावर खेकसे आणि थंडी वाजू लागली की स्वतःचे घोंगडे तिच्या अंगावर टाकी. शिक्षिकाबाईंच्या मते ती हुबेहूब मावशी होती. मावशीला हे ऐकून आतून गुदगुल्या होत, पण वरवर ती फक्त नाक मुरडत असे.

मी त्या घरात आलो तेव्हा खारूताई परगावी शिकायला निघायच्या बेतात होती. जायच्या आधी मला संपवायचे, असे दोघींनी ठरवले होते. रोज दुपारी वाचन रंगत होते. शेवटी एकदा ते वाक्य आले: ‘त्या लढाईत नावाडीणही गेली.’ पुढच्याच ओळीत राज्याभिषेकाची तुतारी वाजली.

शिक्षिकाबाईंनी चष्मा सारखा करून मला हातात घेतले आणि एखादे पान गळले आहे का ते पाहिले. मित्रांनो, पान गळले नव्हते. माझ्यात तेवढेच होते. त्या वेळी मला फार ओशाळल्यासारखे झाले.

खारूताईने मला बाकावर आपटले. “इतक्या वेळा हिने राजकन्येला नदीपार नेलं, आणि जाताना साधा निरोपसुद्धा नाही?”

मावशीने समजूत घातली की लढाईच्या धांदलीत कुणाला निरोपाला वेळ असतो.

“तुला तरी कुठे असतो?” खारूताई म्हणाली.

खारूताई निघणार होती तो शनिवार होता, दुकानातला सर्वांत गर्दीचा दिवस. तिला स्टेशनवर सोडायला मावशीने शेजारच्या गाडीवाल्याला सांगून ठेवले होते. कुणालाही पोचवायला मावशी कधी जात नसे. तिची सख्खी बहीण, म्हणजे खारूताईची आई, दूरदेशी निघाली तेव्हाही मावशी कुणाचे तरी केस धूत होती. रडू आले की आपल्याला कात्री धरवत नाही, एवढेच ती सांगत असे.

शनिवारी बाक भरला होता. खारूताईने माझी चारही भावंडे पिशवीत भरली. मला तिथेच ठेवले. वाईट वाटले, पण तिचे काही चुकले असे मला म्हणवत नाही. ती दारात उभी राहून म्हणाली, “येते.”

मावशीने मान वर केली नाही. “पोचलीस की कळव,” ती म्हणाली आणि शिक्षिकाबाईंच्या केसांत कात्री चालवत राहिली.

गाडीचे दार लागल्याचा आवाज आला. शिक्षिकाबाई आरशातून मावशीकडे बघत शांतपणे म्हणाल्या, “ही एक ओळच झाली बरं का.”

कात्री थांबली. मावशीने ती टेबलावर ठेवली आणि अंगातला एप्रन तसाच ठेवून ती रस्त्यावर धावली. शिक्षिकाबाई अर्धवट कापलेल्या केसांनी गल्ल्यावर जाऊन बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला थांबायला सांगू लागल्या.

मावशी बऱ्याच वेळाने स्टेशनवरून परतली. डोळे सुजले होते. विशेष काही बोलणे झाले नाही, असे तिने सांगितले. ओले केस बांधू नकोस म्हणून बजावले, मग दोघींना रडू फुटले आणि आगगाडी सुटेपर्यंत ते काही थांबले नाही. नंतर तिने बाईंचे उरलेले केस कापले. ते किंचित वाकडे झाले. “वाढतील,” बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी त्या बाकावर आहे. बायका मला चाळतात, त्या ओळीशी येतात आणि चडफडतात. मावशी लगेच दुजोरा देते, शेवट वाईटच केलाय म्हणते. पण माझ्यावर कुणी रंगाची वाटी ठेवलेली तिला खपत नाही.

मित्रांनो, एखाद्या पुस्तकाने तुमची निराशा केली, तर त्याच्यावर खुशाल रागवा. आधी जीव लावला असेल, तरच असा राग येतो. फक्त त्याला रद्दीत टाकू नका. बाकाच्या कडेला त्याला थोडी जागा असू द्या. आणि मला वाचता वाचता तुमच्या घरातून कुणी निघाले, तर मला लगेच मिटा आणि त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जा. मी थांबेन.