भाऊजींची पक्कड

"कामाचं टेबल मी पुढच्या रविवारी नेतो," मेहुणा म्हणाला. तेही भाऊजींच्या खुर्चीत बसून, भाऊजींनी केलेला चहा पीत.

हत्यारांची पेटी त्यानं आधीच नेली होती. बहीण, म्हणजे भाऊजींची बायको, जाऊन महिना होतो न होतो तोच आला आणि "आमच्या बाबांची आहे" म्हणत उचलून घेऊन गेला. आता मागच्या खोलीत राहिलं होतं ते तिचं टेबल. त्याच्यापाशी बसून तिनं आयुष्यभर अख्ख्या गल्लीच्या इस्त्र्या, पंखे आणि मिक्सर दुरुस्त केले होते.

"टेबल इथंच राहील," भाऊजी म्हणाले. "मी काम करणार आहे त्याच्यावर."

"तुम्ही? बल्ब बदलायचा असला तरी ताईला हाक मारायचात."

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"आज पक्कड आणायला चाललोय," भाऊजी म्हणाले. "जुन्या बाजारात. पेटीतली तू नेलीस ना."

मेहुण्यानं कप खाली ठेवला. "असं करू. मीही येतो. एक धड पक्कड स्वतःच्या अकलेनं निवडून दाखवा, टेबल तुमचं. नाही जमलं तर रविवारी टेंपो आणतो. मग कुरकुर करायची नाही."

"चल."

दोघं बसनं जुन्या बाजारात गेले.

जुन्या हत्यारांचा दुकानदार पोत्यावर ढीग मांडून बसला होता. पाने, हातोड्या, पकडी, सगळ्यांवर सारखंच काळं तेल. भाऊजींना बघून त्यानं त्यांच्या मागे नजर टाकली.

"आज बाई नाहीत बरोबर?"

"नाहीत."

"मग बसा निवांत," तो म्हणाला आणि त्यानं पाय पसरले. बाई एकेक हत्यार पारखून त्याला घाम फोडायच्या.

मेहुण्यानं लगेच लाल रबराच्या मुठीची एक चकचकीत पक्कड उचलली. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, पण हात काळे करायला त्यानं माणसं ठेवली होती. "ही घ्या. नव्यासारखी आहे. निघू या."

भाऊजींनी मूठ धरून रबर पिळलं. ते गोल फिरलं. जुनं रबर लोखंडाला चिकटून बसतं, फिरतं ते नुकतंच चढवलेलं असतं. त्यांनी ते ओढून काढलं. आत दांडा मोडलेला आणि वेल्डिंग करून जोडलेला.

"ओढताय काय? माल खराब होतो," दुकानदार खेकसला.

"तो आधीच झालाय."

"मग नवी घ्या की. स्वस्तातली आहे, पाकीटबंद." त्यानं एक पाकीट पायाशी फेकलं.

भाऊजींनी पाकीट फोडलं, पक्कड मिटली आणि आभाळाकडे धरली. जबड्याच्या टोकाला उजेडाची फट होती. "टोकं टेकतच नाहीत. बारीक तार निसटणार."

"पाकीट फोडलंत, आता घ्यावी लागेल."

"हिला नवी म्हणून विकतोस, वर दादागिरी?"

"अहो, हिरे पारखायला बसलात काय?" मेहुणा म्हणाला. "लोक बघतायत. बाकी शेवटी घेऊन काय करणार? पाठ खाजवणार?"

भाऊजींचे कान तापले. पण ते ढिगाशी उकिडवे बसून राहिले. एकीचे जबडे डावी-उजवीकडे हलत होते, ती टाकली. एकीची धार कुणीतरी घासून घासून पातळ केली होती, तीही टाकली. दुकानदार टाकलेली प्रत्येक पक्कड मुद्दाम आदळून परत ढिगात ठेवत होता.

शेवटी दोन उरल्या. दोन्ही जुन्या, जड, मुठींना रबर नाही. उजेड दोन्हींतून येत नव्हता आणि जबडे दोन्हींचे हलत नव्हते.

"आता काय चिठ्ठी टाकणार?" मेहुणा म्हणाला.

भाऊजींनी डोळे मिटले. शेवटच्या वर्षी तिची नजर पार गेली होती. उजेड तिच्यासाठी ते बघायचे. बाकीचं ती हातानं करायची. एकदा इथंच, ह्याच पोत्यापाशी, तिनं त्यांचा अंगठा धरून पकडीच्या सांध्यावर ठेवला होता, वर आपला ठेवला होता आणि पक्कड हळू उघडमीट केली होती. "कळतंय? आत वाळू असल्यासारखं? ही नको." त्यांना तेव्हा कंटाळा आला होता आणि ते नुसतेच हो म्हणाले होते.

त्यांनी पहिलीच्या सांध्यावर अंगठा टेकला आणि ती उघडली, मिटली. आत काहीतरी करकरलं. दुसरी लोण्यासारखी फिरली.

"ही."

मेहुण्यानं ती हिसकावूनच घेतली. ढिगातली एक जाड तार कापली. एका दणक्यात तुटली. फळीतला गंजका खिळा धरून ओढला. खिळा आला. मग भाऊजींनी नाकारलेल्या पहिलीनं त्यानं तेच करून बघितलं. तारेवर ती अडखळली, सांधा अर्ध्यात अडकला आणि ती उघडायला त्याला दोन्ही हात लावावे लागले.

"बाईंचे मिस्टर शोभता," दुकानदार पैसे घेत कडवटपणे म्हणाला.

रस्त्याला लागल्यावर मेहुणा दोन पावलं पुढे जाऊन थांबला. मग म्हणाला, "ठेवा टेबल. रबराचं कळलं मला, उजेडाचंही कळलं. पण त्या शेवटच्या दोन सारख्याच होत्या. हीच कशी निवडलीत?"

"नशीब."

"ताईनं शिकवलं ना? बाबांनी तिला सगळं शिकवलं. मला एक शब्द नाही."

"तू विचारलंस कधी?"

"आता विचारतोय ना. सांगा."

त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. भाऊजींना ते ऐकू आलं. त्यांनी खिशात हात घालून पकडीच्या सांध्यावर अंगठा ठेवला, तिनं धरून ठेवला होता तसा.

"नशीब," ते म्हणाले.

बसस्टॉपपर्यंत त्यानं आणखी विचारून पाहिलं. भाऊजींनी उत्तर बदललं नाही.