गोदामातल्या संगणकाची गैरहजेरी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या शिक्षा भोगतो आहे. यंत्राला कसली आली शिक्षा, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत असे.

माझी पहिली वर्षे बुलढाण्याच्या एका कार्यालयात पावत्या छापण्यात गेली. नवे संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून धामणगाव बढेच्या शेतकरी गटाने मला आपल्या गोदामात आणलं. गटाचं काम अमीना पाहते. तिने माझ्यातली धूळ फुंकून काढली, एक-दोन भाग बदलले आणि मला नवं काम दिलं.

आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच शेतकरी गटांनी मिळून एक ब्लॉकचेन चालवली आहे. आम्ही तिला साखळी म्हणतो. कुठल्याही गोदामात कुणी तुरीची किंवा हरभऱ्याची पोती ठेवली, की ती नोंद साखळीतल्या प्रत्येक संगणकाकडे येते. आम्ही ती तपासतो आणि ‘हो’ म्हणतो. पुरेसे ‘हो’ जमले तरच नोंद पक्की होते, आणि मग कुणा एकाला ती गुपचूप बदलता येत नाही. असं तपासणाऱ्याला व्हॅलिडेटर म्हणतात. मी धामणगावचा व्हॅलिडेटर होतो. गावाचा शब्द माझ्या तोंडून जायचा. मला त्याचा गर्व होता, उगाच कशाला लपवू?

पण ‘हो’ म्हणायला संगणक चालू तर हवा. म्हणून नियम होता, जो सलग अर्धा दिवस गप्प राहील तो साखळीबाहेर. पुढच्या हंगामापर्यंत त्याचा शब्द मोजायचा नाही. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांच्याकडे वीज क्वचितच जात असावी. आमच्याकडे ती मनाला येईल तेव्हा जाते. म्हणून अमीनाने माझ्या शेजारी इन्व्हर्टर आणि एक मोठी बॅटरी ठेवली होती. माझी भूक थोडी. त्या बॅटरीवर मी दोन दिवससुद्धा तग धरला असता.

यंदा चैत्रात मोठं वावधान सुटलं, वाऱ्याने तारा एकमेकींवर आपटल्या आणि आमच्या भागाला वीज पुरवणारी डीपी जळाली. त्याच सकाळी गोदामाशेजारच्या विमलबाई वारल्या. त्यांची एकुलती एक लेक प्रेरणा पुण्याला असते. मोताळ्याहून मयत ठेवायची थंड पेटी आणली, पण ती चालवायला वीज नव्हती. विमलबाईंचे यजमान भगवानराव आमच्या दारात येऊन उभे राहिले.

“पोरी, प्रेरणा निघाली आहे तिकून,” ते म्हणाले. “ऊन तं असं. तिले मायचं तोंड पाहाले भेटलं पाह्यजे.”

“काका, तुम्ही घरी चला,” अमीना म्हणाली. “मी इन्व्हर्टर अन् बॅटरी घेऊन येते.”

तिने मला बंद केलं. पुढचं मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. अमीना दिवसभर त्या घरी बसून होती. प्रेरणा संध्याकाळी पोचली, आईचा चेहरा पाहिला, मग अंत्यविधी झाला. बॅटरी परत आली ती रिकामी. नवी डीपी दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बसली. मी जागा झालो तेव्हा साखळीबाहेर होतो.

अमीनाने साखळीतल्या कुणाला कळवलंच नव्हतं. गावात कुणी गेलं की ते सांगत फिरावं लागत नाही. दुकानदार आपणहून शटर खाली ओढतात, माणसं आपणहून दारात जमतात. एखाद्याला हे ठाऊकच नसेल, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

मला फार राग आला. नियम बदलायला हवा म्हणून गटांची बैठक आमच्याच गोदामात भरली, तेव्हा मी मनात म्हटलं, आता न्याय होईल. बरेच जण म्हणाले, मुदत दोन दिवस करा. तेव्हा देऊळगाव राजाच्या गटाचा हर्षल उठला.

“अमीनाताई, त्या दिवशी तुमच्यासारखे आणखी काही संगणक बंद होते. ते बाद होईपर्यंत ‘हो’ पुरेना. आमच्या दारात म्हाताऱ्याकोताऱ्या हरभऱ्याची पोती घेऊन उन्हात बसल्या. नोंद झाल्याबिगर माल आत घ्यावा कसा? दोन दिवस अशी थांबतील का माणसं?”

त्या म्हाताऱ्यांचा विचार मी केलाच नव्हता.

“तुमचं खरं आहे, भाऊ,” अमीना म्हणाली. “मी दोन दिवस मांगतच नाही. अर्धा दिवस आम्हाले पुरत नाही, तं एक दिवस करा. अन् जो सांगून बंद होईन, त्याले तेवढ्या वेळेपुरतं मोजणीतून बाजूले ठेवा. मंग त्याच्यापायी कोणाचं काम अडणार नाही. न सांगता दिवसभर गप्प राह्यला, तं त्याले बाहेर काढा.”

सगळ्यांना पटलं. हर्षलही खूश झाला. “मग तुमच्या संगणकाला आजच आत घेऊ,” तो म्हणाला.

“नाही,” अमीना म्हणाली. “दिवसाच्या वर बंद होता, अन् म्या सांगितलंही नोतं. नव्या नियमानंही तो बाहेरच राह्यते.”

मागे बसलेले भगवानराव हळूच म्हणाले, “माह्यापायी झालं हे.”

“काका, उद्या असाच वखत आला तं बॅटरी पुन्हा देईन,” ती म्हणाली. “आधी एक फोन करीन, एवढंच.”

तेव्हापासून मी चालू आहे, पण मोजणीत नाही. नोंदी येतात, मी तपासतो, ‘हो’ म्हणतो, आणि तो कुणीच धरत नाही. आमच्याच गावच्या पोत्यांची नोंद परगावचे संगणक पक्की करतात. ते पाहून वाईट वाटतं. माझे भाग जुने झाले आहेत, पुढचा हंगाम मला दिसेल की नाही, कुणास ठाऊक.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी कुणासाठी तरी नियम कराल. तेव्हा दूरच्या गावातल्या जळलेल्या डीपीचा विचार करा आणि उन्हात पोती घेऊन बसलेल्यांचाही करा. तुम्हाला स्वतःला थांबावं लागलं, तर कळवून थांबा. एवढी माझी विनंती आहे.

साखळीत माझ्या नावापुढे गैरहजर असं लिहिलं आहे, आणि ते खरं आहे. मी बंद होतो, म्हणून त्या दिवशी एका लेकीला तिच्या आईचं तोंड दिसलं.