ढिली कात्री

बाईंनी मनगट धरून मागे वाकवलं आणि मास्तरांच्या तोंडून शिवी निघाली.

"शिवीला बळ आहे," बाई म्हणाल्या. "तेवढं अंगठ्यात आणा."

बाई फिजिओथेरपिस्ट. मास्तर शिंप्याच्या दुकानातले कटर. वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून पडले, उजवं मनगट मोडलं. प्लास्टरमधून निघालेला हात त्यांना आपला वाटेना. पाण्यात आटलेल्या कापडासारखा, कुठे ओढ, कुठे झोळ. हाड सांधलं, पण बोटं रुसली. कात्री कशीबशी मिटायची, उघडायची नाही.

"बोटांवर हे रबर चढवा आणि पंजा उघडा. ताण बसेल, तो सोसा. कळ मारली तर सांगा."

"तुमचं काय जातं? हात माझा आहे."

"म्हणून तर तुम्हीच हलवायचाय."

दुकान दोघा भावांचं. मास्तर कापायचे, धाकटा शिवायचा. धाकट्याने तोंडावर सांगून टाकलं होतं, "दादा, थंडीच्या कोटांचं काम येणार आहे. तोवर हात चालला नाही, तर टेबलाशी बाहेरचा कटर उभा करणार. तू गल्ल्यावर बस."

"बसायला मी काय म्हातारा झालो?"

"मग काप."

घरी मास्तर रबर ओढायचे आणि बायकोवर ओरडायचे. पाणी फार गरम, पाणी फार गार. पहाट कण्हत उजाडायची, सांज कण्हत मावळायची. एका दुपारी ते झोपले असताना बायकोने मशीनच्या खणातला पेचकस घेतला आणि त्यांच्या मोठ्या कात्रीचा स्क्रू सैल केला. मनात खोट नव्हती. दया होती, आणि थकवा.

संध्याकाळी मास्तरांनी कात्री उचलली. पाती आपसूक उघडली! जुनी चादर सरसर कापली गेली. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या दारातूनच म्हणाले, "तुमची दुकानदारी बंद. हात चालतो."

"पंजा उघडून दाखवा."

"कात्री उघडून झाली घरी."

"कात्री नको. पंजा."

मास्तर वळले आणि चालू लागले.

दुकानात नमुन्याच्या कोटाचं जाड लोकरी कापड टेबलावर पसरलं. सरळ रेघेवर कात्री गेली. बाहीच्या गोलाईवर पाती फाकली, कापड दोन्हींच्या मध्ये दुमडलं आणि चघळलं गेलं.

"उंदीर लावलेस का कामाला?" धाकट्याने कात्री हिसकावली, हलवली. पाती लडबडली. "स्क्रू ढिला आहे."

"तूच केलास! टेबल पाहिजे ना तुला?"

"टेबल पाहिजे असतं तर कात्री लपवली असती. कापड कशाला नासवू? ते काय फुकट आलंय?"

दोघांचे हात एकमेकांच्या कॉलरला गेले. मागे काजं करत बसलेली मास्तरांची बायको उठली.

"सोडा. स्क्रू मी ढिला केला."

मास्तरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "काय मिळालं तुला?"

"एक संध्याकाळ," ती म्हणाली. "तुम्ही न ओरडता गेलेली."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्क्रू स्वतः आवळला, घट्ट, पूर्वीसारखा. कात्री फडक्यात गुंडाळून बाईंकडे गेले.

"हात मागे गेलाय," बाईंनी अंगठा दाबून पाहिला. "पुन्हा पहिल्यापासून."

"सांगताना बरं वाटतंय तुम्हाला."

"फार. पंजा उघडा."

त्या दोघांचं कधीच जमलं नाही. मास्तर डोळे वटारायचे, बाई हात ओढायच्या. पण आज अंगठा उठला, उद्या तर्जनी. आज नखभर, उद्या पेरभर. रुसलेली बोटं एकेक करून घरी आली. आवळलेली कात्री आधी कागदावर उघडली, मग सुती कापडावर, मग गोधडीच्या चार पदरांवर. दुखणं गेलं नाही, पण त्याची वेळ ठरली. हाताने त्याच्याशी समझोता केला.

कोटांचं काम सुरू व्हायच्या दिवशी बाहेरचा कटर दारातच उभा होता. धाकट्याने बोलावून ठेवला होता.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. खडूची रेघ, मग कात्री. गोलाईच्या अर्ध्यात मनगट भरून आलं. त्यांनी कात्री खाली ठेवली, कोपर टेबलावर टेकवलं, खिशातलं रबर बोटांवर चढवलं आणि पंजा उघडायला लागले.

बाहेरचा कटर हसला. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईकही पाहू लागलं.

"दादा, गिऱ्हाईक बघतंय," धाकटा दात आवळून म्हणाला.

"बघू दे."

मनगट सैलावलं. मास्तरांनी कात्री उचलली, आणि उरलेली गोलाई एका दमात उतरली. धाकट्याने बाही उजेडात धरली, उलटी केली, कडेवरून नख फिरवलं. चूक सापडली नाही याचा राग त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होता.

"निघा तुम्ही," तो बाहेरच्या कटरला म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. "दुसरी बाही कधी कापणार? पुढच्या थंडीत?"

"कापड नीट पसर," मास्तर म्हणाले. "सुरकुती ठेवतोस नेहमी."