गुरुवारची ठिणगी

"मार आणखी एकदा," एमिल म्हणाला.

मी ट्रॅक्टरचं हँडल मारलं. खांद्यातून कळ गेली. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोत 'टक्' वाजलं, एंजिन अर्धा फेरा फिरलं आणि बसलं. एमिल प्लग एंजिनच्या लोखंडाला टेकवून, डोळे बारीक करून त्याच्या टोकाकडे बघत होता.

"दिसली?"

"डोंबल दिसतंय! जोर लाव की जरा. सकाळी जॅम भरलेले तीन कोलाचे हाणलेस ते कुठे गेले?"

"चार," मी म्हटलं आणि कपाळ पुसलं.

ठिणगी दिसणार नव्हती. तिचा गळा मीच दाबला होता. सांगायला लाज वाटते, पण आता एवढं सांगितलंच आहे तर सगळंच सांगतो.

एमिल वोंद्रा एक्याऐंशी वर्षांचा. बेचाळीस वर्षं त्याने आमच्या गावाबाहेर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवलं. एकोणिसाव्या वर्षी मी त्याच्या हाताखाली लागलो, तेव्हा मला साधा पाना धड धरता येत नव्हता. त्याने मला शिव्या देऊन शिकवलं आणि शनिवारी घरी नेऊन जेवूही घातलं. ठिणगी नसेल तर देवाचा धावा करायचा नाही, प्लगपासून सुरुवात करायची, हे त्याचंच वाक्य. पुढे दुकान माझ्याकडे आलं, पण लोक अजून 'एमिलचं दुकान' म्हणतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग त्याचं डोकं विसरायला लागलं. आधी नातीचं नाव गेलं, मग साल. कधीकधी बायकोला, आल्बिनाला, तो आपली बहीण समजायचा. गेल्या सप्टेंबरात सकाळी न्याहारी टाकून तो उठला, हा जुना लाल ट्रॅक्टर चालू केला आणि मका कोठारावर घालायला म्हणून हायवेने निघाला. ज्या कोठारावर निघाला होता ते पाडून वीस वर्षं झाली. मागे रिकामी ट्रॉलीसुद्धा नव्हती. एका चढावर तो अचानक आडवा वळला आणि समोरून येणारी शाळेची बस करकचून थांबली. बसमध्ये चौदा पोरं होती. आठच दिवसांनी तो परत निघाला, तेव्हा शेरीफच्या माणसाने त्याला हाताला धरून घरी आणलं.

आल्बिना माझ्याकडे आली. "स्टॅन, लपवून ठेवायला या मेल्या ट्रॅक्टरला किल्लीसुद्धा नाही रे."

"विकून टाक."

"आणि तो रोज सकाळी शोधत बसला की मी काय सांगू? तू बंद पाड. पण त्याला कळेल असं नको. ते तुलाच जमेल."

मला जमलं. मॅग्नेटोपासून एंजिन बंद करायच्या बटणापर्यंत एक वायर जाते. ती लोखंडाला टेकली की ठिणगी मरते, बटण दाबल्यावर तेवढंच होतं. पेट्रोलच्या टाकीखाली जिथे ती वायर लोखंडी पट्टीतून जाते, तिथे मी तिचं वरचं रबर सोललं आणि तांब्याची तार लोखंडाला टेकवून ठेवली. पाच मिनिटांचं काम. घरी जाऊन मी जेवलो नाही.

वाटलं होतं, चार दिवस खटपट करेल आणि सोडून देईल. तर दुसऱ्याच दिवशी फोन. "स्टॅन, ठिणगी गेलीय. ये." दिवस गुरुवार होता. तेव्हापासून दर गुरुवारी मी येतो. त्याच्या लेखी ठिणगी दर वेळी कालच गेलेली असते.

तो प्लग काढतो, पुसतो, बघतो. मग प्लगची वायर. मग मॅग्नेटोचं झाकण उघडून पॉइंट घासतो, मग कंडेन्सर बदलतो. आज कोण राष्ट्राध्यक्ष आहे ते त्याला सांगता येत नाही, पण हातांचा क्रम एकदाही चुकलेला नाही. बटणाची वायर त्या क्रमात शेवटी येते. आणि तिची पाळी यायच्या आत, दहाच्या ठोक्याला, आल्बिना कॉफीला हाक मारते. ते आमचं ठरलेलं होतं. कॉफी पिऊन झाली की तो ट्रॅक्टर विसरायचा आणि मी घरी जाऊन पाठ टेकायचो. वर्षभर असं चाललं. खरं सांगतो, शीण आला होता मला. हँडलचा नव्हे.

आज आल्बिनाची दाढ ठणकायला लागली म्हणून शेजारीण तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. दहा वाजले, सव्वादहा वाजले, हाक आली नाही.

एमिलने कंडेन्सर बसवला आणि मॅग्नेटोवरचा छोटा नट सैल करायला घेतला.

"एमिल, कॉफी घेऊ या की. मी करतो."

"तुझी कॉफी म्हणजे गटारीचं पाणी. थांब जरा." त्याने बटणाची वायर मॅग्नेटोवरून काढून बाजूला केली. "हं, मार."

"खांदा दुखतोय रे."

"स्टॅन. मार."

मी मारलं. प्लगच्या टोकाला फाटकन निळी ठिणगी उडाली. एमिलच्या बोटाला झटका बसला आणि तो "आई गं!" ओरडून हसत सुटला. इतकं हसलेलं मी त्याला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सापडली! सापडली रांडेची!"

मग त्याने वायर बोटांत धरली आणि चाचपत चाचपत टाकीखाली गेला. पट्टीपाशी बोटं थांबली. चष्मा कपाळावर सरकवून त्याने बराच वेळ बघितलं.

"हे झिजलेलं नाही," तो म्हणाला. "चाकूने सोललंय. मुद्दाम." मग माझ्याकडे वळला. "आणि ज्याने केलंय त्याला काम येतं."

भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"मी केलंय, एमिल."

"तू?"

"मीच."

"मी शिकवलं तुला, हरामखोरा!" त्याने पाना माझ्यावर रोखला. "का?"

मी सांगितलं. हायवे, कोठार, बस, सगळं.

"पोरं होती बसमध्ये?"

"चौदा."

"लागलं कुणाला?"

"नाही. ब्रेक लागला वेळेवर."

तो उलट्या बादलीवर बसला. "एवढं झालं, स्टॅन, आणि मला काहीच आठवत नाही," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मी शेजारी उभा होतो. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ज्या हाताने वायर सोलली तोच हात ठेवायचा धीर झाला नाही.

थोड्या वेळाने तो उठला. वायर परत मॅग्नेटोला लावली, नट आवळला. मग टाकीखाली वाकून सोललेली जागा त्याने स्वतः पट्टीला नीट टेकवली आणि पकडीने दाबली.

"मार."

मी मारलं. प्लगवर काही नाही.

"मेली," तो म्हणाला आणि हात पुसायला लागला. "आल्बिनाला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. उगाच जिवाला लावून घेईल."

"नाही सांगत."

"पुढच्या गुरुवारी मला हे आठवेल?"

वर्षभर खोटं बोललो होतो, आणखी एक सहज खपलं असतं. पण जीभ वळली नाही.

"नाही आठवणार."

त्याने मान हलवली. "मग तूही आठवण करून देऊ नकोस. शोधू दे मला." दारापर्यंत गेला आणि थांबला. "आणि जागा बदल. इतक्या सोप्या ठिकाणी लपवतात होय? मला शिकाऊ समजलास का रे?"

"बदलतो," मी म्हटलं.

तो सावकाश घराकडे गेला. मी टॉर्च घेतली, टाकीखाली वाकलो आणि त्याला लवकर सापडणार नाही अशी जागा शोधायला लागलो.